काठमांडू दर्शन, रात्री प्रवास

आम्ही पाथर्डी तालुक्यातल्या तीन गावच्या बचत गटांतल्या बाया. २०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात आम्ही एकतीस जणी नेपाळला जाऊन आलो. आल्यापासून जी ती विचारते, पशुपतिनाथाचं दर्शन नीट झालं का, बर्फ दिसला का, काय काय आणलं. आणि आमच्या तोंडून पहिल्यांदा निघतं ते बसचंच. शेवटी रेडिओच्या ताई म्हणाल्या, मग बसचंच सांगा की. म्हणून आज आम्ही पाच जणी इथं बसलोय. एक बोलायची थांबली की दुसरी बोलतेय, पण सांगणं सगळ्यांचं एकच आहे.

यात्रा कंपनीचं छापील पत्रक होतं. दहा दिवसांचा कार्यक्रम एका पानावर. सहाव्या दिवसापुढं लिहिलेलं होतं, ‘काठमांडू दर्शन, रात्री प्रवास’. ते पत्रक आम्ही पन्नास वेळा वाचलं असेल. काठमांडू दर्शन तेवढं डोळ्यात भरायचं. पुढच्या दोन शब्दांवरून नजर अशी घसरायची, जसं काही ‘चहा-नाष्टा’च लिहिलंय.

ऑगस्टच्या २३ तारखेला बातमी आली. नेपाळात पोखऱ्याहून काठमांडूला निघालेली यात्रेकरूंची बस तनहूं जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. त्यातली माणसं आपल्या महाराष्ट्राची, जळगाव जिल्ह्यातली, वरणगाव-भुसावळकडची. पंचवीसहून अधिक माणसं गेली. ती बस दिवसाच चालली होती, हेही सांगायला पाहिजे. महिना लोटला आणि सप्टेंबरच्या शेवटी तिकडं मोठा पूर आला आणि काठमांडूजवळ दरड कोसळून रस्त्यात थांबलेल्या गाड्या माणसांसकट गाडल्या गेल्या.

घरोघरी एकच वाक्य. ‘गप घरी बसा.’ कुणाचा नवरा म्हणाला, कुणाचा मुलगा, कुणाची तर सूनच म्हणाली. आगाऊ रक्कम भरलेली होती. आमच्यातल्या बऱ्याच जणींनी लाडक्या बहिणीचे पाच हप्ते, साडेसात हजार, हात न लावता या यात्रेसाठी ठेवले होते. पण खरं सांगायचं तर पैशापेक्षा दुसरंच काहीतरी आडवं आलं. पंढरपूर, तुळजापूर, मोहटादेवी, मढी, इतकंच आमचं फिरणं. आणि दुसरं फिरणं म्हणजे कोयता. आमच्या गटातल्या चौघी तेव्हाही ऊसतोडीला गेलेल्या होत्या, त्या या यात्रेला नव्हत्याच. आमच्या आत्यांनी तीस हंगाम कोयता चालवलाय. त्या म्हणाल्या, “उचल घेऊन ट्रकात बसलो, खाली भांडी, वर शेरडं, त्यावर लेकरं, रातभर थंडीत कोल्हापूरपर्यंत गेलो. तव्हा कुणी म्हणलं नाय, रातचं जाऊ नका.”

त्यावर घरची मंडळी गप्प झाली. पण आम्ही मात्र त्या दिवसापासून पत्रक नीट वाचायला लागलो.

आमच्यात एक वहिनी आहेत, त्यांचे मालक ट्रकवर ड्रायव्हर. कांदा घेऊन पार चेन्नईपर्यंत जातात. वहिनींनी ग्रामसंघाच्या बैठकीत सहाव्या दिवसावर बोट ठेवलं आणि विचारलं, “दिवसभर काठमांडू दाखवणार कोण? ड्रायव्हर. रात्रभर गाडी चालवणार कोण? तोच ड्रायव्हर. मग तो झोपणार कधी?”

बघा, आम्ही सगळ्या दरी, दरड, नदी यांनाच घाबरत होतो. हा प्रश्न कुणाच्या डोक्यातच आला नव्हता.

संयोजकांना बोलावून घेतलं. रात्री प्रवास कशासाठी, तर एका रात्रीच्या खोल्यांचं भाडं वाचतं आणि एक दिवसही वाचतो. सगळ्याच कंपन्या असंच करतात म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. किती वाचतं, तर माणशी पाचशेच्या आतबाहेर. आम्ही म्हणालो, ते आम्ही भरतो, मुक्काम करा. पण गोरखपूरहून परतीच्या रेल्वेची तिकिटं निघून गेली होती, तारीख हलत नव्हती. मग आम्ही लिहून घेतलं: ड्रायव्हर दोन असतील, दर दोन तासांनी गाडी थांबेल, थांबायची जागा उजेडाची आणि संडास असलेली असेल. खाली त्यांची सही, आमच्या अध्यक्षांची सही. सचिव ताईंनी तो कागद गटाच्या रजिस्टरात चिकटवला आणि रजिस्टर यात्रेला सोबत घेतलं. तेव्हा आम्ही त्यांना हसलो होतो.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण फोनवर तेच जास्त विचारतात. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, १९५० च्या करारापासून येणं-जाणं मोकळं आहे. पण ओळखपत्र लागतं आणि ते पासपोर्ट किंवा मतदान कार्ड. आधार चालतं ते फक्त पंधरा वर्षांच्या आतल्यांना आणि पासष्टच्या पुढच्यांना. आमच्या दोन म्हाताऱ्या तेवढ्या आधारवर आल्या. त्यांना लाडक्या बहिणीचे पैसे पासष्टीमुळंच मिळाले नव्हते, तर आत्या म्हणाल्या, “चला, या वयाचा कुठं तरी उपेग झाला.” बाकी आम्ही २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान करून आठवड्याभरानं निघालो. सोनौलीच्या नाक्यावर कार्ड पुढं केलं तेव्हा बोटावरची शाई अजून नखावर होती.

आणि पैसे. आम्ही गेलो तेव्हा शंभराच्या वरची भारतीय नोट तिकडं चालत नव्हती. बँकेतून शंभराची बंडलं घेऊन गेलो. आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशेसाठ, हा भाव ठरलेला आहे. दुकानदार विचारतो, आयसी का एनसी? आयसी म्हणजे आपले, एनसी म्हणजे त्यांचे. भाव विचारतानाच हे विचारून घ्या. आमच्या एकीनं पाचशेची रुद्राक्षमाळ आपले पाचशे देऊन घेतली. दुकानदारानं भाव एनसीत सांगितला होता. म्हणजे आठशेला पडली, आणि ही बया तीनशे कमी करून घेतले म्हणून खुशीत!

नगर स्टेशनावरून गाडी धरली. मनमाड मागं टाकून गाडी भुसावळला थांबली. एरवी भुसावळ म्हटलं की केळी घ्यायला खिडकीतून हात बाहेर जातात. त्या दिवशी कुणी केळी घेतली नाहीत. फलाटावर आमच्यासारख्याच नऊवारी-सहावारीतल्या बाया होत्या, डोक्यावर पिशव्या घेतलेल्या. आम्ही त्यांच्याकडं बघत राहिलो. गाडी हलली तेव्हा वहिनी म्हणाल्या, “दुसरा ड्रायव्हर कुठं बसणार, ते विचारून घ्या.”

गोरखपूरला विचारलं. संयोजक म्हणाले, सोनौलीला बसेल. सोनौलीला विचारलं. बुटवलला बसेल. बुटवल गेलं. दुसरा ड्रायव्हर कुठंच बसला नाही. एकच होता, गोरखपूरकडचा, चाळिशीचा, आम्हाला ‘माताजी’ म्हणायचा आणि गाडी खरंच सांभाळून चालवायचा. सोबत एक क्लीनर, मिसरूडही नीट न फुटलेला. सोनौलीपासून काठमांडू पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, पण पहाटे निघून पोहोचायला रात्रीचे नऊ झाले. नारायणगढ ते बुटवल रस्ता रुंद करायचं काम तेव्हा चाललं होतं, नुसती धूळ आणि खड्डे. पुढं मुगलिनपासून एका बाजूला डोंगर आणि एका बाजूला त्रिशूली नदी. त्या रस्त्यावरून याच माणसानं याच गाडीतून आम्हाला रात्री परत न्यायचं होतं, आणि मधे एक पूर्ण दिवस काठमांडू दर्शन.

म्हणून त्या रात्रीच आम्ही ठरवलं, की उद्या याची गाडी हलवायची नाही. माणशी दीडशे रुपये काढले, शहर बघायला तिथल्या तीन छोट्या गाड्या केल्या, त्यांना तिकडं मायक्रो म्हणतात. ड्रायव्हरला सांगितलं, भैया, उद्या दिवसभर झोपा.

आता दर्शनाचं सांगतो, नाहीतर म्हणाल नुसता रस्ताच सांगितला.

सकाळी सहाला पशुपतिनाथ. तिथल्या घड्याळात सव्वासहा, त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा पाव तास पुढं. कातडी पट्टा, पाकीट बाहेर ठेवावं लागतं, गाभाऱ्याकडं फोटो काढू देत नाहीत. देवाला चार दिशांना चार मुखं, चार दारं, आणि रांग फिरत फिरत एकेका मुखाचं दर्शन होतं. पूजा करणारे भट्ट पुजारी दक्षिणेकडचे, कर्नाटकातले, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. देवळाच्या अंगालाच बागमती नदी आणि काठावर आर्यघाट. तिथं चिता जळत असतात. समोरच्या काठावर पायऱ्या आहेत, लोक तिथं बसून असतात, बाया, पोरंसोरं, सगळे.

आपल्याकडं बाई स्मशानात जात नाही. आमच्यातल्या एका वहिनीचा नवरा कोरोनात गेला. दवाखान्यातून परस्पर नेलं, घरी तोंडसुद्धा बघू दिलं नाही. त्या रांगेत आल्याच नाहीत, समोरच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या. अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, तुम्ही दर्शन करून या, मी यांच्याजवळ बसते. आम्ही दोन तासांनी आलो तर दोघी तशाच बसलेल्या. एक चिता पूर्ण विझेपर्यंत त्यांनी बघितली होती. वहिनी रडल्या नाहीत. उठताना म्हणाल्या, “आसं आसतं व्हय.” एवढंच बोलल्या. पुढं चहा प्यायलो सगळ्यांनी.

तिथून बौद्धनाथ. केवढा तो स्तूप, पांढराशुभ्र, वर चारी बाजूंना डोळे काढलेले. २०१५ च्या एप्रिलमधल्या भूकंपात त्याच्या शिखराचं नुकसान झालं होतं, ते पुढच्या वर्षी दुरुस्त झालं. प्रार्थनेची चाकं फिरवत उजवीकडून फेरी मारायची. अंगणवाडीच्या ताईंनी तीन फेऱ्या मारल्या. त्या बौद्ध. त्यांच्याबरोबर त्यांच्या जाऊबाई. या यात्रेत त्या दोघी आल्या त्या लुंबिनीसाठी, हे त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. लुंबिनी सातव्या दिवशी सकाळी होतं, सीमेजवळ. स्वयंभूनाथाच्या पायऱ्या तीनशे पासष्ट आहेत म्हटल्यावर आमच्या गुडघ्यांनी एकमतानं नकार दिला. खालून हात जोडले.

दुपारी पाटण. दगडी कृष्णमंदिर बघितलं, १६३७ सालचं. पण आमचा जीव अडकला होता तो मच्छिंद्रनाथात. आमच्या भागात मढीला कानिफनाथ, मायंब्याला मच्छिंद्रनाथ. आमच्या लहानपणापासूनच्या वाऱ्या. आणि इथं परमुलखात पाटणच्या लोकांचा मोठा देव कोण, तर तांबडा मच्छिंद्रनाथ! त्यांची गोष्ट अशी, की गोरखनाथ नागांना बुडाखाली घेऊन तपाला बसले, पाऊस बारा वर्षं अडला. मग लोकांनी गोरखनाथांच्या गुरूंना, मच्छिंद्रनाथांना आणलं. गुरू आले म्हणून शिष्य उठून उभा राहिला, नाग सुटले, पाऊस पडला. तेव्हापासून दरवर्षी पावसाच्या आधी त्याचा रथ ओढतात, उंचच्या उंच. त्यालाच तिथले बौद्ध लोक करुणामय म्हणून पूजतात. एकच मूर्ती, दोघांचा देव. आमच्यासारख्या टँकरच्या गावच्या बायांना पावसाचा देव म्हटल्यावर काय वाटलं असेल, बघा.

देवळात गेलो तर मूर्ती नाही. देव सहा महिने पाटणला आणि सहा महिने बुंगमती गावात असतो. बुंगमती त्याचं जन्मगाव मानतात. आम्ही गेलो तेव्हा देव बुंगमतीला गेलेला. मढीच्या आक्का दारातच बसल्या. “इतक्या लांबून आले अन्‌ ह्यो माहेरी गेला.” मग आम्ही उंबऱ्यावर हळदीकुंकू वाहिलं. आक्का म्हणाल्या, असू दे, शिष्य तर भेटल. गोरखपूरला गोरखनाथाचं मोठं मंदिर आहे, आणि पत्रकात सातव्या दिवशी दुपारी तेच होतं.

संध्याकाळी साडेसहाला परत आलो. जेवणं झाली, सामान टपावर चढलं. सातला निघायचं. वहिनी पुढं जाऊन ड्रायव्हरला म्हणाल्या, “भैया, कितना सोये?”

त्यानं दोन बोटं वर केली. दोन तास. दिवसभर मागच्या चाकाच्या ब्रेकचं काम करून घेत होता. गॅरेजवाला सोडेना, आणि ब्रेक न बघता हा घाट उतरायचा नाही असं तो म्हणाला. म्हणजे माणूस चांगलाच होता. चांगला होता म्हणूनच झोपला नव्हता.

संयोजक म्हणाले, चला बसा, उशीर होतोय, हे लोक सवयीचे असतात. वहिनी म्हणाल्या, “माझे मालक बी सवयीचेच हायेत. तुळापूर फाट्यावर डोळा लागला त्या सवयीतच. सहा महिने पाय पलस्तरात होता.”

मग आम्ही गाडीतच बैठक घेतली. हसू नका, खरोखर बैठक. दार लावलं, सचिव ताईंनी रजिस्टर काढलं, तारीख घातली, हजेरी एकतीस. विषय एकच, रात्री प्रवास. काय काय करता येईल ते मांडलं. एक, असंच जायचं, सकाळी सहाला लुंबिनी. दोन, इथंच मुक्काम करायचा, पण मग रेल्वे हमखास चुकते, एकतीस तिकिटं वाया. तीन, निघायचं, मुगलिनच्या अलीकडं रस्त्यालगत धाबे आहेत तिथं गाडी लावायची, ड्रायव्हरनं चार-पाच तास झोपायचं, उजाडायच्या बेताला पुढं जायचं. रेल्वे मिळेल, पण दुसऱ्या दिवशीचे पाच तास जातील. म्हणजे लुंबिनी जाईल.

हात वर करायला सांगितलं तर तिसऱ्याला भराभर हात वर झाले. अंगणवाडीच्या ताईंनी केला नाही. त्यांच्या जाऊबाईंनीही नाही.

ताई उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, “ड्रायव्हरनं झोपावं हे मलाही कळतं. पण वेळ कमी पडला की प्रत्येक वेळी आमचंच कापायचं का? काशीला जाताना सारनाथ कापलं तुम्ही. आठवतंय का? मी सकाळी तुमच्या देवळाबाहेर दोन तास बसले, माझी तक्रार नाही. पण लुंबिनी मी सोडणार नाही.”

गाडीत कुणी बोलेना. कारण काशीचं खरं होतं. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. साड्यांच्या दुकानात वेळ गेला होता आणि सारनाथ राहून गेलं होतं. आमच्यापैकी कुणाला ते आठवतही नव्हतं. त्यांना आठवत होतं.

बराच वेळ गेला. संयोजक बाहेरून काचेवर टकटक करत होते. मग मागच्या सीटवरून मढीच्या आक्का बोलल्या. “मंग गोरखनाथ कापा.”

त्यांच्या शेजारची म्हणाली, अहो आक्का, तुम्ही तर त्याच्यासाठी... आक्का म्हणाल्या, “म्हाईत हाय मला मी कशासाठी आले ते. नाथ काय पळून जात नाय. लिव्ह गं, गोरखनाथ कापा, लुंबिनी ठिवा, अन्‌ त्या पोराला झोपू द्या.”

सचिव ताईंनी लिहिलं. पुन्हा हात मोजले, एकतीस. संयोजक म्हणाले, रेल्वे चुकली तर जबाबदारी तुमची. तेही लिहिलं, आणि सगळ्यांनी सह्या केल्या. आत्यांनी अंगठा दिला. अंगठ्याची शाई नव्हती, तर कुंकू पाण्यात कालवून लावलं.

साडेसातला निघालो. काठमांडूचं खोरं सोडताना नागढुंगाला चढ आहे, तिथून पुढं उतारच उतार. समोरून ट्रकांची रांग. आम्ही पाळ्या लावल्या होत्या. एका वेळी दोघींनी ड्रायव्हरच्या मागं बसायचं आणि बोलत राहायचं, एक तास झाला की दुसऱ्या दोघी. बोलायचं काय, तर त्याच्या घरचं विचारायचं. दोन मुली, थोरली बारावीला, म्हातारी आई. दोन तासांनी मलेखूला गाडी थांबली. तिथं नदीचे मासे तळून विकतात, सगळीकडं तोच वास. कागदावर लिहिलं होतं तसा उजेड होता, संडासही होता, पण कडी नव्हती. आम्ही तिघी-तिघी जात होतो. एक आत, एकीनं दार धरायचं, एकीच्या हातात बॅटरी. एकीची पाळी गाडीतच आली. तिच्याभोवती चौघींनी शाली धरून आडोसा केला. या प्रवासाला निघताना पाळीची तारीख नसली तरी कपडा, पॅड, एक जुनी साडी आणि प्लॅस्टिकची पिशवी हाताच्या पिशवीत ठेवा, टपावरच्या बॅगेत नाही. टपावरची बॅग रात्री कुणी उतरवून देत नाही. बीपी-शुगरच्या गोळ्यांचंही तेच.

अकराच्या पुढं मुगलिनच्या अलीकडं एका धाब्यासमोर गाडी लावली. ड्रायव्हरनं हात-तोंड धुतलं, दोन घास खाल्ले आणि मागच्या लांब सीटवर आडवा झाला. पाच मिनिटांत घोरायला लागला. ते घोरणं ऐकून जितकं बरं वाटलं तितकं काठमांडूतली घंटा ऐकूनही वाटलं नव्हतं, देव माफ करो.

थंडी मरणाची. आम्ही दोघी-दोघी एका चादरीत. नेपाळचं सिम एकाच फोनमध्ये होतं, त्यावरून गावच्या ग्रुपवर टाकलं, ‘गाडी थांबवली आहे. सगळ्या ठीक. झोपा.’ लगेच सात-आठ अंगठे आले. म्हणजे तिकडंही कुणी झोपलं नव्हतं.

खाली नदीचा आवाज येत होता. क्लीनरचं पोरगं शेकोटीपाशी बसलं होतं. त्याला विचारलं, ही कुठली नदी. म्हणाला, त्रिशूली, आणि पुढं मुगलिनला तिला मर्स्यांगदी मिळते. तिथून उजवीकडचा रस्ता पोखऱ्याला जातो, आपण डावीकडं वळणार. ती जळगाववाली गाडी त्याच उजव्या रस्त्याला, थोडीच पुढं. त्यानं हातानं अंधारात दाखवलं. आमच्यातल्या ज्या जाग्या होत्या त्या खाली उतरल्या आणि त्या बाजूला तोंड करून उभ्या राहिल्या. कुणीतरी पिशवीतलं भुसावळच्या पुढं घेतलेलं एक सीताफळ काढून रस्त्याच्या कडेला ठेवलं. का ठेवलं, तिलाही सांगता येणार नाही.

पहाटे साडेचारला ड्रायव्हर स्वतःच उठला. “माताजी, चलें?” डोळे साफ होते.

नारायणगढला उजाडलं. पुढं दाउन्नेचा घाट, धूळ, पुन्हा ते खड्डे. बुटवलच्या आधी देवदह लागलं. अंगणवाडीच्या ताई खिडकीतून एकटक बघत होत्या. मग मागं वळून त्यांनी आम्हाला सांगितलं, “हे मायादेवीचं माहेर. पहिल्या बाळंतपणाला ती सासरहून माहेरी निघाली होती. वाटेत लुंबिनीच्या बागेत पोट दुखायला लागलं, तिथंच बाळ झालं. माहेरी पोहोचलीच नाही.”

आमच्यातल्या कितीजणी अशा सातव्या-आठव्या महिन्यात एसटीनं, बैलगाडीनं माहेरी गेलेल्या. दोघींची बाळंतपणं तर फडावरच्या कोपीत झालेली. बुद्धाची आई म्हणून आम्ही तिच्याकडं कधी बघितलंच नव्हतं. पोटुशी बाई म्हणून तर नाहीच. आत्या म्हणाल्या, “मंग दाखवा तिची जागा. चला.”

बाराला लुंबिनीत. चपला काढून आत जायचं. विटांचे जुने पाये, त्यावर लाकडी फळ्यांची वाट, आणि मधे जन्माची जागा. बाहेर सम्राट अशोकाचा खांब, त्यावर ब्राह्मी अक्षरं. ताईंनी वाचून आणलं होतं, त्या सांगत होत्या. इथं बुद्धाचा जन्म झाला म्हणून राजानं या गावाला कर माफ केला आणि पिकातला वाटा आठवा हिस्साच ठेवला, असं त्यावर लिहिलंय. सारामाफी म्हटल्यावर सगळ्याजणी खांबाजवळ सरकल्या. ताई आणि जाऊबाई आत बसल्या होत्या, डोळे मिटून. आम्ही घाई केली नाही. संयोजकांनी दोनदा घड्याळ दाखवलं, तर आक्का म्हणाल्या, “बसू द्या त्येन्ला.”

सीमेवर भन्सारचे कागद आणि ट्रकांची रांग यात दोन तास गेले. सोनौलीला आलो तशी घड्याळं पाव तास मागं घेतली, तेवढाच नफा. गोरखपुरात शिरताना रस्त्यालगतच गोरखनाथाचं मंदिर. पावणेआठ झाले होते, नवाची रेल्वे. ड्रायव्हरनं न सांगता गाडी हळू केली. आक्का खिडकीशी उभ्या राहिल्या, हात जोडले, दिवे दिसले तेवढे बघितले. गाडी पुढं गेली.

स्टेशनावर पोहोचलो सव्वाआठला. पाटीवर आमची गाडी अडीच तास लेट. एवढ्या वेळात आरामात मंदिर होऊन आलं असतं. पण एकतीस बाया, सामान, अनोळखी शहर, आणि रेल्वेचा काय भरवसा, अडीचचा दीड तासही होतो. कुणी हललं नाही. आक्का फलाटावर गाठोड्यावर बसून राहिल्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी पदरानं डोळे पुसले ते आम्ही सगळ्यांनी बघितलं. अंगणवाडीच्या ताईंनी त्यांच्या शेजारी जाऊन डबा उघडला. लुंबिनीहून आणलेलं एक पिंपळाचं पान त्यांच्या हातात दिलं. आक्कांनी ते पोथीत ठेवलंय, नवनाथांच्या.

ज्या गटांचे आता फोन येतायत, त्यांना आम्ही एवढंच विचारतो, की तुमच्या पत्रकात ‘रात्री प्रवास’ कितीदा लिहिलंय? एका गटाच्या पत्रकात तीनदा निघालं, तेही लागोपाठ. ड्रायव्हर किती, तर एक.

आमचं पुढचं ठरलंय. दर महिन्याला बचतीशिवाय शंभर रुपये वेगळे काढतोय, कोयत्यावरून आलेल्या चौघीही त्यात आहेत. पट्टा पडल्यावर, उन्हाळ्याच्या आधी जायचं. या वेळचं पत्रक आम्हीच लिहिलंय, सचिव ताईंच्या रजिस्टरात आहे. गोरखपूर दोन दिवस. सारनाथ एक पूर्ण दिवस. मुक्काम रोज रात्री.